मूल होत नाही, म्हणून लोहाच्या जनुकाची चाचणी?

साकोली ते नागपूर हे अंतर शंभरेक किलोमीटरचे. लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की या भागातल्या जोडप्यांची महामार्गावरची ये-जा सुरू होते. पहिल्या फेऱ्या सुनेसाठी. सोनोग्राफी, थायरॉइड, गर्भनलिकांचा एक्स-रे. धानाची एक रोवणी जाते, दुसरी जाते, आणि मग कधीतरी कुणी डॉक्टर विचारतो, नवऱ्याची तपासणी झाली का? बहुतेक वेळा झालेली नसते. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा जोडीने असते, हे वैद्यकशास्त्र कधीपासून सांगत आले आहे. तरी फाईल बायकोच्या नावाची असते आणि नवरा ती धरून बाहेर बाकावर बसलेला असतो.

नवऱ्याची तपासणी झाली आणि शुक्राणू कमी निघाले, की पुढचा प्रकार अलीकडचा आहे. एके काळी या टप्प्यावर चूर्ण, भस्म किंवा कुणीतरी सांगितलेला वैदू असे. आता त्यांच्या जोडीला जनुकीय चाचणी आली आहे. खासगी प्रयोगशाळा रक्ताचा नमुना घेतात आणि अनेक जनुकांचा एकत्रित अहवाल हातात देतात. त्या लांबलचक यादीत एखादी ओळ ‘एचएफई’ या जनुकाची असते आणि तिच्यापुढे ‘एच६३डी, एक प्रत’ असे काहीतरी लिहिलेले असते. घरी येऊन मोबाइलवर शोधले की कळते, हे जनुक शरीरात लोह साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे आहे. आणखी खाली वाचले की कळते, त्या आजारात पुरुषांना वंध्यत्व येऊ शकते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण त्यांना जोडून घरात जो निष्कर्ष काढला जातो, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. आणि ज्या थोड्या लोकांच्या बाबतीत तो खरा ठरतो, त्यांच्याकडे, निदान पूर्व विदर्भात, कुणी या नजरेने पाहत नाही.

आधी आजार समजून घ्यावा लागेल. प्रौढ माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते, म्हणजे फार तर एक खिळा होईल एवढे. रोजच्या जेवणातून आतडी त्यातले एक-दोन मिलिग्रॅमच उचलतात आणि तेवढेच गळणाऱ्या पेशींबरोबर बाहेर जाते. गंमत अशी की जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने शरीरात ठेवलेलीच नाही. सगळे नियंत्रण दारावरच आहे. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक हा त्या दारावरचा पहारेकरी. लोह पुरेसे झाले की हेप्सिडिन वाढते आणि आतड्यातून रक्तात जाणारी वाट बंद होते. हा पहारेकरी आळशी झाला तर लोह वर्षानुवर्षे आत येत राहते आणि यकृत, हृदय, स्वादुपिंड, सांधे यांत साचते. या आजाराला हिमोक्रोमॅटोसिस म्हणतात. त्याचे सर्वात सामान्य जनुक, म्हणजे एचएफई, १९९६ साली सापडले.

साचलेले लोह मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीतही जाते. वृषणांना टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवण्याचा आदेश देणारी संप्रेरके, एलएच आणि एफएसएच, याच ग्रंथीतून निघतात आणि नेमक्या त्या पेशी लोहाला फार लवकर बळी पडतात. वृषण बरेचदा ठीकठाक असतात, पण वरून आदेशच येत नाही. इच्छा मंदावते, दाढी विरळ होते, शुक्राणू घटतात किंवा पूर्ण थांबतात. तेव्हा लोह आणि पुरुष वंध्यत्व यांचा संबंध आहे का, याचे उत्तर ‘आहे’ असेच आहे. प्रश्न आहे तो जनुकाचा.

एचएफई जनुकात दोन बदल प्रसिद्ध आहेत. त्यातला सी२८२वाय हा खरा घातक. आईवडील दोघांकडून तो मिळाला तर लोह साचण्याची शक्यता मोठी. पण तो मुळात वायव्य युरोपातला बदल आहे. आयर्लंडमध्ये त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे, आणि भारतीयांत तो जवळपास सापडतच नाही. दुसरा एच६३डी. तो युरोपापासून भारतापर्यंत बराच पसरलेला आहे आणि म्हणूनच आपल्याकडच्या अहवालांत डोकावतो. मात्र त्याची एक प्रत असणे म्हणजे आजार नव्हे. दोन प्रती असल्या तरी केवळ तेवढ्याने लोह साचल्याचे क्वचितच दिसते. मद्यपान, यकृताची चरबी किंवा दुसरे एखादे कारण जोडीला लागते.

खुद्द आयर्लंडमध्ये काय दिसले? तिथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिमोक्रोमॅटोसिसचे निदान पक्के झालेल्या सुमारे एकशे चाळीस पुरुषांची संप्रेरके तपासली गेली. पियुषिका मंदावल्याने टेस्टोस्टेरॉन घटलेले पुरुष निघाले जेमतेम सहा टक्के. त्यांतल्या बहुतेकांचे यकृत आधीच कठीण झालेले होते. म्हणजे ज्यांना आजार खरोखर झाला आहे त्यांच्यातही हा परिणाम थोड्यांनाच आणि उशिरा झाला. मग ज्याच्याकडे एच६३डीची एकच प्रत आहे, फेरिटिन सामान्य आहे, यकृत ठीक आहे, अशा साकोलीच्या तिशीतल्या माणसाने आपल्या कमी शुक्राणूंचा दोष त्या ओळीवर टाकणे म्हणजे शेजारच्या गावात पाऊस पडला म्हणून आपले घर गळते असे म्हणण्यासारखे झाले.

हिमोक्रोमॅटोसिसचा एक प्रकार मात्र याला अपवाद आहे आणि तो ठाऊक असायला हवा. हेमोज्युव्हेलिन किंवा खुद्द हेप्सिडिन यांच्या जनुकात बिघाड असला तर लोह लहानपणापासून वेगाने साचते आणि विशी-तिशीतच हृदय आणि पियुषिका दोन्ही कोलमडतात. अशा तरुणांत वंध्यत्व हे पहिल्या लक्षणांपैकी एक असू शकते. आजार अतिशय दुर्मीळ आहे. भारतातून त्याची नोंद तुरळक. पण तिथेही सुरुवात जनुकापासून करायची गरज नसते, कारण रक्तातले लोह आधीच ओरडून सांगत असते.

म्हणून या स्तंभाचे म्हणणे साधे आहे. लोहाची शंका असेल तर आधी लोह मोजा, मग जनुक शोधा. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन रक्तचाचण्या जनुकीय अहवालापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. त्यातही सॅच्युरेशन महत्त्वाचे. उपाशीपोटी केलेल्या चाचणीत ते ४५ टक्क्यांच्या वर पुन्हा पुन्हा निघाले तर पुढे जाण्यात अर्थ आहे. एकटे फेरिटिन फसवे असते. ते ताप, जंतुसंसर्ग, मधुमेह, यकृताची चरबी आणि दारू यांनीही वाढते. मोहाची असो की ठेक्यावरची, रोजची दारू एका बाजूने फेरिटिन वाढवते आणि दुसऱ्या बाजूने टेस्टोस्टेरॉन उतरवते. अशा माणसाच्या हाती जनुकाचा अहवाल दिला तर त्याला बाटलीऐवजी वाडवडिलांना दोष देण्याची आयती सोय होते.

शुक्राणू कमी असलेल्या पुरुषाला एलएच, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन यांची तपासणी सांगितली जाते. तिन्ही खाली असतील तर बिघाड वर, पियुषिकेत किंवा तिच्याही वर आहे असे समजते आणि तेव्हा लोहाची तपासणी करणे हा प्रस्थापित वैद्यकीय सल्ला आहे. एफएसएच वाढलेले असेल तर बिघाड वृषणातच आहे, लोहाच्या मागे लागण्यात हशील नाही. शुक्राणू फारच कमी किंवा शून्य असतील तर ज्या जनुकीय चाचण्या खरोखर सांगितल्या जातात त्या गुणसूत्रांच्या आणि वाय गुणसूत्रातल्या तुटीच्या. शुक्रवाहिनी जन्मतःच नसेल तर सीएफटीआर जनुकाची. एचएफई या यादीत नाही. पण या सगळ्याआधी वीर्य तपासणी दोनदा व्हायला हवी, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि मध्ये आलेला एखादा मोठा तापसुद्धा आकडा पाडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची रेषा धरली आहे. ती रेषा म्हणजे पास-नापास नव्हे. तिच्या खाली असलेल्या पुरुषांनाही मुले होतात.

आता उरलेली बाजू. लोह साचवणारे आनुवंशिक आजार साकोली, लाखनी, भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात नाहीत का? आहेत. फक्त त्यांचे जनुक एचएफई नव्हे, हिमोग्लोबिनचे आहे, आणि लोह आतड्यातून नव्हे तर रक्ताच्या पिशवीतून येते.

विदर्भात सिकलसेल आहे हे वैद्यकीय जगाला १९५८ साली कळले. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडले. तेव्हापासून सर्वेक्षणे झाली, राज्याचा कार्यक्रम आला, २०२३च्या जुलैत केंद्राचे निर्मूलन अभियान सुरू झाले आणि २०४७चे उद्दिष्ट ठरले. हा आजार आदिवासींपुरता नाही, विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आहे, हे आता गावोगावच्या आशा ताईंना पाठ आहे. त्याच भागात थॅलेसेमियाही आहे आणि दोन्हींचा एकेक अंश घेऊन जन्मलेली मुलेही आहेत.

थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णाला आयुष्यभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. एका पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असते. महिन्याला दोन पिशव्या धरल्या तर वर्षाला पाच-सहा ग्रॅम. शरीरात एकूण जेवढे असायला हवे त्याच्या दीडपट लोह दर वर्षी आत जाते आणि बाहेर पडायला वाट नाही. लोह बाहेर काढणारी औषधे हाच मार्ग. त्यातले डिफेरिप्रोन हे तोंडाने घ्यायचे पहिले औषध बाजारात आणण्याची परवानगी जगात सर्वप्रथम भारताने दिली, नव्वदीच्या दशकात. मुंबईत डॉ. एम. बी. अगरवाल यांच्या चाचण्यांचा त्यात मोठा वाटा होता. त्याआधी रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई ठेवून पंपाने औषध द्यावे लागे आणि ते परवडणारी घरे मोजकी होती.

पियुषिकेतले ते आदेश थांबणे हा थॅलेसेमिया मेजरमधला सर्वात जास्त आढळणारा संप्रेरकांचा बिघाड आहे. जुन्या पाहण्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांत तो दिसत असे. इथे लोह आणि पुरुष वंध्यत्व यांचा संबंध शंकेपलीकडचा आहे. तरी तो बोलला जात नाही, आणि त्याला कारणही आहे. एके काळी ही मुले विशी गाठतील की नाही, हीच चिंता होती. आईबापांनी महिन्याला रक्त मिळवावे, औषधाच्या गोळ्यांची तजवीज करावी, शाळेचा खाडा भरून काढावा, आणि डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघावे, एवढ्यातच सगळ्यांची दमछाक. मुलगा चौदा वर्षांचा होऊनही वयात येण्याची एकही खूण दिसत नाही, हे आईच्या लक्षात येते. ती बोलत नाही. वडील म्हणतात, आजारी आहे, वाढ उशिरा होईल. डॉक्टरांपुढे रांग असते.

वास्तविक चौदा हे वय थांबायचे नव्हे, तपासायचे आहे. लोह वेळीच खाली आणले तर पियुषिका वाचू शकते. एकदा तिचे नुकसान पक्के झाले की लोह काढूनही ती परत येईल याची खात्री राहत नाही. म्हणून ज्या डे-केअर केंद्रात मुलगा रक्त घ्यायला येतो तिथेच वर्षातून एकदा उंची, वयात येण्याच्या खुणा आणि गरजेप्रमाणे संप्रेरके यांची नोंद व्हावी. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका हेच सांगतात. सरकारी रक्तपेढीतून या रुग्णांना रक्त मोफत मिळते, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही आले आहेत. या मुलांनी पुढे संसार करावा असे व्यवस्थेला खरोखर वाटत असेल, तर वर्षाकाठी तीन संप्रेरकांच्या चाचण्या ही मोठी मागणी नाही.

सिकलसेलचे गणित थोडे वेगळे आहे आणि ते थॅलेसेमियात मिसळून चालणार नाही. तिथे रक्त अधूनमधून लागते, लोहाचा बोजा सहसा कमी असतो आणि ग्रंथी तुलनेने वाचतात. पण पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर आघात करणाऱ्या इतर वाटा आहेत. वृषणातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. तासन्‌तास न ओसरणारा वेदनादायक ताठरपणा हे तर मुलगे लाजेपोटी घरात सांगतच नाहीत, आणि तो आणीबाणीचा प्रसंग असतो. शिवाय वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध शुक्राणू घटवते. याचा अर्थ औषध बंद करावे असा मुळीच नाही. त्या औषधाने आयुष्य वाढते. पण लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या रुग्णाला हे आधी सांगितले पाहिजे, म्हणजे मूल हवे असताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काय करायचे ते ठरवता येईल. बायकोला वर्षभर नागपूरच्या फेऱ्या घडवल्यानंतर हे कळणे हा तिच्यावर अन्याय आहे.

सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा केवळ वाहक असणारा पुरुष मात्र या कशातच मोडत नाही. त्याच्या शरीरात लोह साचत नाही, शुक्राणू त्यामुळे घटत नाहीत. वाहकाचे कार्ड आहे म्हणून मूल होत नाही, अशी समजूत असेल तर ती काढून टाकावी. एवढेच की थॅलेसेमियाच्या वाहकाचे हिमोग्लोबिन कायम जरा कमी असते, ते पाहून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक दिले जातात आणि आकडा काही हलत नाही. अशा वेळी बाटली बदलण्याऐवजी फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचा प्रकार तपासावा.

इथे एक धोका आहे. ‘लोह वाईट’ एवढेच ऐकून कुणी गरोदर सुनेच्या किंवा शाळेतल्या मुलीच्या गोळ्या बंद करू नयेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. या जिल्ह्यांत लोह कमी असलेली माणसे साचलेल्यांपेक्षा कितीतरी पटीने जास्त आहेत. लोखंडी कढईतली भाजीही निर्धास्त खावी.

दुसरा धोका ताकदीच्या इंजेक्शनांचा. टेस्टोस्टेरॉन कमी आले की कुणीतरी टेस्टोस्टेरॉनच टोचून मोकळे होते. उत्साह वाढतो, रुग्ण खूश. पण बाहेरून ते मिळू लागले की पियुषिका उरलासुरला आदेशही थांबवते आणि शुक्राणू शून्यावर जातात. मूल हवे असलेल्या पुरुषासाठी हा उलटा उपाय आहे. त्याच्यासाठी एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शने असतात. पियुषिका जे पाठवायची ते बाहेरून दिले जाते आणि वृषण शाबूत असतील तर सहा महिने ते दोन वर्षांत शुक्राणू दिसू लागतात. थॅलेसेमिया मेजर असलेले पुरुष या मार्गाने बाप झाले आहेत. उपचार स्वस्त नाहीत, धीर लागतो, आणि त्या काळात लोह काढण्याची औषधे कोणती ठेवायची हेही ठरवावे लागते.

आणि पहिले इंजेक्शन देण्याआधी बायकोच्या हिमोग्लोबिनची तपासणी. नवरा थॅलेसेमियाचा किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल आणि बायको वाहक निघाली, तर प्रत्येक गर्भाला त्याच आजाराचा धोका निम्मा. ती वाहक नसेल तर मुले वाहक होतील, आजारी नाही. बायकोची सिकलसेलची प्राथमिक चाचणी साकोलीतच, सरकारी यंत्रणेत होऊ शकते. फक्त तिचा निकाल ‘नाही’ आला म्हणून तिथेच थांबू नये. ती चाचणी थॅलेसेमियाचा वाहक ओळखत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनच्या प्रकारांची एचपीएलसी तपासणी मागावी लागते.